शीघ्रवाचन : काही रूढ गैरसमजांची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयांतील व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांत ‘शीघ्रवाचन’ हा विषय आता नित्याचा झाला आहे. मिनिटाला हजार शब्द वाचता येतात, मनातल्या मनात उच्चार करणे हा दोष आहे, वाचलेल्या ओळीकडे पुन्हा वळू नये, अशी विधाने त्यात सिद्धान्तासारखी मांडली जातात. निघोजे, चाकण, आळंदी या पट्ट्यातील अनेक विद्यार्थी कारखान्यातील पाळी सांभाळून शिकतात. वेळेची टंचाई हे त्यांचे वास्तव असल्याने हे आश्वासन त्यांना विशेष मोहविते. म्हणूनच त्याची चिकित्सा अगत्याची ठरते.

गृहीतकांची तपासणी

या व्यवसायाचे आधुनिक रूप एव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या वर्गांतून प्रसृत झाले. राष्ट्राध्यक्ष केनेडी मिनिटाला १,२०० शब्द वाचतात अशी प्रसिद्धी झाली आणि तो आकडा प्रमाण मानला जाऊ लागला. प्रत्यक्षात डोळा ओळीवरून सरकत नाही; तो थांबत थांबत उड्या घेतो. प्रत्येक थांबा साधारणपणे पाव सेकंदाचा असतो आणि स्पष्ट दिसणारे क्षेत्र अत्यंत मर्यादित असते. त्यामुळे ‘एका दृष्टिक्षेपात संपूर्ण पान’ ही कल्पना शरीररचनेलाच मान्य नाही. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यानुसार इंग्रजी ललितेतर मजकुराच्या मूकवाचनाची सरासरी गती मिनिटाला २३८ शब्द आहे. कीथ रेनर व सहकाऱ्यांनी २०१६ मधील विस्तृत आढाव्यात गती आणि आकलन यांचा व्यस्त संबंध स्पष्ट केला आहे. गती बरीच वाढविली की आकलन घटते.

हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावणे मात्र सयुक्तिक नाही. हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द होतात, मराठीत ‘घरात’ हा एकच. आपल्या भाषेत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात. ‘महाविद्यालयांमधील’ हा एक शब्द डोळ्याला किती काम देतो हे वेगळे सांगावयास नको. इंग्रजी वर्गातील तक्ता मराठी उताऱ्यावर ठेवून विद्यार्थ्याला ‘मंद वाचक’ ठरविणे हा अन्यायच होय.

मनातील उच्चाराचा प्रश्न

सर्वांत हानिकारक गैरसमज उच्चाराविषयीचा आहे. हार्डिक आणि पेट्रिनोविच यांनी १९७० मध्ये कंठाच्या स्नायूंची हालचाल मोजून वाचकांचा मूक उच्चार थांबविला, तेव्हा कठीण मजकुराचे आकलन घटले. आंतरिक उच्चार वाक्य पूर्ण होईपर्यंत आधीचे शब्द स्मृतीत धरून ठेवण्यास साहाय्य करतो. तो दोष नव्हे.

आळंदीच्या परिसरात ही गोष्ट परकीय प्रयोगांवरूनच शिकावी लागावी, हे थोडे विचित्र आहे. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत होते. ओव्या सुमारे ९,०००. ओवीला सरासरी दहा शब्द धरले, तर दररोज जवळपास १३,००० शब्द होतात. तीन तासांच्या बैठकीत ही गती मिनिटाला सत्तर शब्दांच्या आसपास येते आणि तीही मोठ्याने. एवढा मोठा ग्रंथ पूर्ण होतो तो बैठकीमुळे. अर्थात, पारायणात प्रत्येक ओवी कळते असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. कित्येक ओव्या जिभेवरून नुसत्या सरकतात. परंतु एका आवर्तनात अर्थ हाती येतो असा दावा पारायण करीत नाही. अर्थाचे काम प्रवचन-कीर्तनाकडे सोपविलेले असते आणि पुढच्या वर्षी तोच ग्रंथ पुन्हा उघडला जातो. शीघ्रवाचन मात्र एकाच फेरीत दोन्ही देऊ करते. डॉ. आंबेडकर जयंतीनिमित्त आपल्या महाविद्यालयांत होणाऱ्या सलग अठरा तास वाचनाच्या उपक्रमातही बाबासाहेबांचे स्मरण तासांनी केले जाते, प्रतिमिनिट शब्दांनी नव्हे.

स्थूलवाचन आणि सूक्ष्मवाचन

मग शीघ्रवाचनात काहीच तथ्य नाही काय? मजकूर चाळून मुख्य मुद्दा हेरणे ही उपयुक्त कला आहे. परंतु मराठीच्या अध्यापकाला ती ‘स्थूलवाचन’ या नावाने पूर्वीपासून परिचित आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत त्याचा स्वतंत्र विभाग असतो. वर्तमानपत्र वा संदर्भसूची यांसाठी ते पुरेसे आहे. यंत्राच्या सूचनापुस्तिकेसाठी ते धोक्याचे आहे. ‘दाब असल्यास झडप उघडावी’ आणि ‘दाब नसल्यास झडप उघडावी’ यांत भेद केवळ एका अक्षराचा आहे. घाईने चाळणारा डोळा ओळखीच्या शब्दाच्या अंदाजाने नेमका हाच भेद ओलांडून जातो. मागे वळून पाहण्याची सवय येथे वाचकाचे रक्षण करते. ती मोडावयास शिकविणाऱ्यांनी कारखान्यातील वाचन विचारात घेतलेले दिसत नाही.

आपला विद्यार्थी अडखळतो तो बहुधा अपरिचित शब्दावर. शब्दसंपत्ती आणि विषयाची पूर्वओळख वाढली की गती आपोआप काही प्रमाणात वाढते. डोळ्यांच्या कवायतीने ती तशी वाढत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश अनेक ग्रंथालयांत क्वचितच उघडले जातात. शिबिराचे दोन तास यंत्र अभियांत्रिकीचा कोश आणि एखादी खरी सूचनापुस्तिका शेजारी ठेवून, ओठ हलवीत का होईना, चार पाने वाचण्यास देता येतील. त्यासाठी बाहेरून तज्ज्ञ बोलावण्याचे कारण नाही. मराठी विभाग आणि कर्मशाळेतील निदेशक एकत्र बसले तरी पुरे.