संशयाचा पुतळा आणि संशयाची तसबीर

हातकणंगले हे मिरज–कोल्हापूर लोहमार्गावरील स्थानक. त्याच्या पूर्वेस सांगलीलगतचे हरिपूर, म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव. पश्चिमेस कोल्हापूर, जेथे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने मूकपट निर्मिले. शब्दप्रधान नाटक आणि मूक चित्र या प्रदेशात असे शेजारी नांदले. दाम्पत्यातील मत्सर हा विनोदाचा जुना विषय या दोन माध्यमांत कसा पालटतो, हे पाहण्यासाठी देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकाशेजारी चार्ली चॅप्लिनचा ‘मेबल्स मॅरिड लाइफ’ (१९१४) हा कीस्टोन कंपनीचा छोटा मूकपट ठेवणे उद्बोधक ठरते.

मूकपटाचे कथानक अल्प आहे. उद्यानात एक धिप्पाड गृहस्थ मेबलशी लगट करतो. नवरा त्यास हटवू शकत नाही. पुढे मेबल मुष्टियुद्धाच्या सरावाचा पुतळा विकत घेते. मद्यधुंद नवरा घरी येऊन त्या पुतळ्यासच प्रतिस्पर्धी समजतो व त्याच्याशी झुंजतो. डोलत्या बुडाचा पुतळा प्रत्येक ठोशानंतर उसळून मारणारावरच आदळतो.

‘संशयकल्लोळा’त (१९१६) ही जागा तसबिरीची आहे. मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनातून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाद्वारे ती मराठीत आली. परंतु तसबीर स्वतः काही सांगत नाही. कृत्तिकेच्या हाती परपुरुषाची तसबीर दिसताच फाल्गुनराव तिच्याभोवती तर्क रचतो आणि बोलण्याबोलण्यातून नवा पुरावा काढतो. चिन्हास अर्थ प्राप्त होतो तो वाक्यामुळे.

यावरून मूकपटाचे चिन्ह स्वयंसिद्ध असते असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पुतळा नवऱ्यास कोण वाटतो हे प्रेक्षकास कळते, कारण उद्यानातील प्रसंग त्याने आधी पाहिलेला असतो. तो वगळल्यास उरेल ती केवळ मद्यप्याची धडपड. येथेही अर्थ संदर्भानेच ठरतो. वाक्याचे कार्य दृश्यक्रम करतो, इतकेच.

तथापि दोन्ही कृतींची पोच सारखी नाही. संशयाचा आघात संशयी माणसावरच उलटतो, हे सत्य मूकपट ज्या थेटपणे दाखवितो तो थेटपणा संवादास साधणे कठीण. म्हणून धडपडीच्या विनोदास हलका लेखण्याचे कारण नाही. परंतु पुतळ्याशी झुंज एकट्या नवऱ्याची आहे. देवलांची कृत्तिका मात्र नवऱ्याइतकीच संशयी आहे. तिचे तर्कही तितकेच सुसंगत आणि तितकेच चुकीचे आहेत. त्यामुळे संशय हा एकाचा विकार न राहता दोघांच्या संभाषणाचा दोष ठरतो. मत्सराचे हे दुहेरी रूप उभे करण्यास जी प्रश्नोत्तरे लागतात, ती या मूकपटाजवळ नाहीत.