कमाटीबाग: घड्याळ आणि सावली

बडोद्याच्या कमाटीबागेवर लिहायचं म्हटलं की यादी ठरलेली असते: १८७९ साल, सयाजीराव महाराज, विश्वामित्रीचा काठ, म्युझियम, प्राणिसंग्रहालय, फुलांचं घड्याळ. यादी खरी आहे; पण बाग म्हणून तिची पारख करायला ती पुरत नाही, असं मला वाटतं.

घड्याळासमोर माणूस फोटोपुरता थांबतो. खरा रेंगाळतो तो झाडाखाली. त्या सावलीची किंमत १९१७ सालच्या एका दुपारी कळते. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर संस्थानाच्या नोकरीत होते. जातीपायी त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, शहरात दुसरं कुणी ठेवून घेईना. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी याच बागेत काढले. आज तिथं संकल्पभूमी आहे.

बागेनं त्यांना न्याय दिला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. शहराचा दोष त्यानं धुतला जात नाही. पण दारं बंद झाली तेव्हा बसायला जागा होती ती इथंच. सार्वजनिक बागेची कसोटी मला हीच वाटते: तिकीट न काढता, ओळख न सांगता, दुःख घेऊन माणसाला पाच तास बसता येतं का?

म्हणून बागेत नवं काही बसवताना आपण बडोदेकरांनी आधी विचारावं, यानं बसायची सावली वाढते की घटते? जिव्हाळा जडतो तो तिथंच.