तंबाखूच्या पाकिटांतील चित्रपत्रें व त्यांची प्रतवारी

सिगारेटचें पाकीट चेपूं नये म्हणून आंत जाड कागदाचें एक लहानसें चित्रपत्र घालण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत सुरू झाली. इंग्लंडांत विल्स कंपनीनें १८९६ सालीं ५० क्रिकेटपटूंची माला काढली. रणजितसिंहांचीं चित्रेंही अशा पत्रांवर निघालीं. अमेरिकन टोबॅको कंपनीनें १९०९ ते १९११ या काळांत काढलेली बेसबॉलपटूंची माला तर संग्राहकांत 'टी २०६' या नांवानें विख्यात आहे.

या पत्रांस १ ते १० असे गुण देऊन प्लास्टिकच्या पेटींत बंद करण्याचा प्रघात आतां पडला आहे. परीक्षक कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोंवतींच्या समासाचा समतोल पाहतात. नकली माल उघडा पडतो, हा त्याचा लाभ आम्हांस मान्य आहे. परंतु गुणांचा हा आंकडा इतिहासाचें प्रमाण म्हणून पुढें येऊं लागला, तेव्हां त्याची परीक्षा करणें प्राप्त होतें.

होनस वॅग्नर या खेळाडूच्या एका पत्रास १९९१ सालीं ८ गुण मिळाले. तें २००७ सालीं २८ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. पुढें २०१३ सालीं बिल मास्ट्रो या विक्रेत्यानें, आपण त्या पत्राच्या कडा कापल्या होत्या, असें न्यायालयांत कबूल केलें. कापलेल्या पत्रास गुण देऊं नयेत, असा या शास्त्राचाच नियम! म्हणजे ज्या रेखीव कडांवर परीक्षक लुब्ध झाले, त्या मूळच्या नव्हत्याच.

आमच्या मतें पत्राची पाठ अधिक बोलकी असते. 'टी २०६' मालेंतील पत्रांच्या पाठीवर सिगारेटच्या छापाचें नांव व बहुधा कारखान्याचा क्रमांक आणि जिल्हाही असतो. त्यावरून माल कोठें भरला गेला याचा माग लागतो. गुणांच्या आंकड्यांत या मजकुराला स्थान नाहीं. महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना सुकथनकरांनीं पोथ्यांची किंमत पानांच्या सुबकपणावरून ठरविली नाहीं. पाठ पाहिला, परंपरा पाहिली. शिवाय, 'टी २०६' हें नांव ज्यांच्या सूचीमुळें रूढ झालें, त्या जेफरसन बर्डिक यांनीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिलेलीं आपलीं पत्रें वह्यांत चिकटवून ठेविलीं आहेत. प्रतवारीच्या दृष्टीनें हा अपराधच. अभ्यासकांस मात्र तो संग्रह आजही उपयोगी पडतो.

आमच्या वसई-विरारकडे समुद्राची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढें जाड कागदही टिकाव धरीत नाहीं. येथील एखाद्या जुन्या पेटींत असें पत्र सांपडलें, तर त्यावर बुरशीचे डाग असावयाचेच, व बाजारांत त्यास १ गुण मिळाला तरी पुष्कळ झालें. तथापि तें कोणाच्या घरीं, कोणत्या कागदांबरोबर व केव्हां मिळालें, याची चिठ्ठी संग्राहकानें जवळ ठेवावी. डाग पुसण्याचा उद्योग मात्र करूं नये, कारण पाठीवरील फिकट शाई त्याबरोबरच निघून जाते.