शिंपल्याच्या पोटातला रंग

जेम्स एन्सॉरच्या ‘पाकट’ या चित्रात पाकटाचं पोट पांढरं आहे असं पहिल्या नजरेला वाटतं. जरा थांबलं की तो पांढरा सुटू लागतो. त्यात फिकट गुलाबी निघतो, कडेला निळसर राखाडी. पाकट उलथं ठेवलंय, त्यामुळे नाकपुड्या डोळ्यांसारख्या दिसतात आणि खाली खरं तोंड. हा चेहरा थेट आपल्याकडे बघतो. शेजारी एक मोठा शंख आपला गुलाबी गाभा उघडा करून पडला आहे. माशाचं पोट आणि शंखाचा गाभा, दोन्हींचा रंग एकाच घरचा.

तसं घर खरोखरच होतं. एन्सॉर १८६० साली बेल्जियममधल्या ऑस्टेंडला जन्मला. ऑस्टेंड म्हणजे समुद्रस्नानाला येणाऱ्या पाहुण्यांचं गाव, आणि आईच्या घरच्यांचं तिथे दुकान: शंख, शिंपले, चिनी मातीची भांडी, पेंढा भरलेले प्राणी, कार्निव्हलचे मुखवटे. या मुलाला समुद्र असा दोनदा भेटला. एकदा गावाच्या कडेला, करडा, उत्तरेकडचा. आणि एकदा दुकानाच्या फळीवर, कोरडा, सुटा सुटा, विकायला मांडलेला. समुद्रकाठच्या चित्रकाराचं नाव निघालं की आपण निळ्याकडे धावतो. एन्सॉरच्या बाबतीत मला त्या फळीकडे जावंसं वाटतं.

शिंपल्याच्या आतल्या चकाकीला रंगद्रव्य लागत नाही. चुन्याच्या अतिशय पातळ थरांवरून उजेड परततो, परतताना एकमेकांत मिसळतो, आणि गुलाबी-हिरवट झाक उमटते. शिंपला थोडा कलता केला की ती बदलते. ज्या पोराच्या हाताला हा खेळ रोज लागला, त्याला ‘पांढरा’ हा एकच रंग आहे हे कसं पटावं?

१८८२ साली, बाविसाव्या वर्षी, त्याने ‘कालवं खाणारी’ रंगवली. दोन मीटरहून उंच कॅनव्हास, समोर बसायला बहीण. पांढरंशुभ्र टेबल, बाटल्या, फुलं, उघडलेली कालवं. अँटवर्पच्या प्रदर्शनाने चित्र नाकारलं. आज ते त्याच शहराच्या संग्रहालयात आहे. इथला पांढरा अजून खिडकीचा आहे, बाहेरून आलेला. दहा वर्षांनी, १८९२च्या पाकटात, तो वस्तूच्या अंगातून येतो. या दहा वर्षांचा प्रवास मला त्याच्या गाजलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा मोठा वाटतो.

पाकट रंगवताना जुना फ्रेंच चित्रकार शार्दँ त्याच्या मनात असणारच. लूव्हरमधलं शार्दँचं पाकट आकड्याला टांगलेलं, पोट फाडलेलं, मागे स्वयंपाकघराचा तपकिरी अंधार. तिथे मासा चुलीकडे निघालाय. एन्सॉरने तो अखंड ठेवला आणि उजेडात आणला, दुकानात नव्या मालाला पुढची जागा द्यावी तसा.

मग एन्सॉरच्या चित्रांतले मुखवटेही वेगळे दिसू लागतात. १८९०च्या ‘कारस्थान’मध्ये ते दाटीवाटीने आपल्यासमोर उभे आहेत, आणि त्यांच्याबद्दल बहुतेक जण समाजावरचा राग म्हणून लिहितात. राग आहेच. पण त्यांच्या फिक्या, गुलाबी गालांकडे बघा. हे मुखवटे शिंपल्यांच्या शेजारीच तर ठेवलेले असायचे.