बीदरची कारेज आणि तिचे अभ्यासक : एक चिकित्सक आढावा

प्रास्ताविक

बीदर म्हटले की किल्ला, महमूद गावानचा मदरसा, अष्टूरचे घुमट आणि बिदरी काम यांची आठवण होते. या सर्व वैभवाखाली, शब्दशः जमिनीखाली, पाण्याची एक व्यवस्था होती. तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष मात्र अलीकडेच गेले. फारसीत तिला ‘कारेज’ म्हणतात आणि अरबीत ‘कनात’. बीदरच्या कन्नड बोलीत तिचे नाव ‘सुरंग बावी’ असे आहे. बीदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे जिल्हे असले तरी येथे कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. येथील पाण्याच्या शब्दसंग्रहातही या चारही भाषांची सरमिसळ आढळते.

गेल्या काही दशकांत बीदरच्या जलव्यवस्थेवर जे संशोधन झाले, त्याने काय साधले आणि काय राहून गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कारेज हे पुरातन वास्तूचे अवशेष मानायचे की भूजलाची जिवंत व्यवस्था, या प्रश्नाच्या उत्तरावर तिचे पुढील भवितव्य अवलंबून आहे. म्हणून हा आढावा केवळ ग्रंथांचा नाही.

कारेजची रचना आणि बीदरचा भूभाग

कारेजची कल्पना साधी आहे, मात्र तिची अंमलबजावणी अवघड आहे. उंचावरील भागात एक खोल विहीर भूजलापर्यंत खणतात. फारसीत तिला ‘मादर-चाह’, म्हणजे मूळ विहीर म्हणतात. तेथून अत्यंत मंद उतार देऊन सखल भागाकडे बोगदा नेला जातो. बोगदा खोदताना माती वर काढण्यासाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी ठराविक अंतरावर उभ्या विहिरी घेतल्या जातात. पुण्याच्या वाचकांना कात्रजच्या पेशवेकालीन नळावरील ‘उच्छ्वास’ यावरून आठवतील. पाणी केवळ उतारामुळे वाहते. ना मोट लागते ना इंजिन. महत्त्वाचे म्हणजे भूजलाची पातळी बोगद्याच्या वर आहे तोवरच हे पाणी वाहते. जमिनीत मुरते त्याहून अधिक पाणी दीर्घकाळ काढणे कारेजला शक्यच नसते.

बीदरच्या पठारावर वरचा थर सच्छिद्र जांभ्या दगडाचा आणि त्याखाली काळ्या पाषाणाचा, अशी रचना आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, खालच्या कठीण कातळाशी अडते आणि पठाराच्या कडेला जेथे वाट मिळेल तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बीदरचा जांभा १९ व्या शतकाच्या मध्यासच कॅप्टन न्यूबोल्ड यांच्यासारख्या भूशास्त्राच्या अभ्यासकांच्या दृष्टीस पडला होता. परंतु त्या काळी दगडाचा अभ्यास दगडापुरता राहिला आणि शहराच्या इतिहासाशी त्याची सांगड घातली गेली नाही.

संशोधनाचे तीन टप्पे

पहिला टप्पा गुलाम यजदानी यांचा. निजाम संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे ते संचालक होते. १९४७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा बीदरचा इतिहास व वास्तू यांवरील इंग्रजी ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. शिलालेखांचे वाचन, इमारतींचे मोजमाप आणि नकाशे या तिन्ही बाबतींत तो ग्रंथ आदर्श आहे. परंतु त्याची मांडणी वास्तूनुसार आहे. किल्ला, शहर, मकबरे अशा क्रमाने वाचक पुढे जातो आणि त्यात पाणी येते ते हौद, विहीर किंवा महालातील कारंजे म्हणून, म्हणजे इमारतीचे अंग म्हणून. हा यजदानींचा दोष म्हणता येणार नाही, कारण त्या काळच्या पुरातत्त्वविद्येची दृष्टीच तशी होती. तथापि पुढील पिढ्यांनी त्यांच्या ग्रंथाला शेवटचा शब्द मानले, हे मात्र नुकसानीचे ठरले.

दुसरा टप्पा क्लाउस रोत्झर आणि पुष्कर सोहोनी यांच्या निबंधाचा. दाउद अली आणि एमा फ्लॅट यांनी संपादित केलेल्या, दख्खनमधील उद्याने व भूदृश्य यांवरील २०१२ च्या ग्रंथात तो आला. निसर्ग, बांध, विहिरी आणि बागा यांना जोडणारा पाण्याचा मार्ग हा त्याचा विषय. येथे प्रथमच बीदर हे इमारतींचा समूह म्हणून न पाहता पाणी अडवणारा, वळवणारा आणि वापरणारा एक संपूर्ण प्रदेश म्हणून पाहिले गेले. दृष्टीतील हा बदल मोलाचा आहे.

तिसरा टप्पा केरळमधील भूगोलाचे अध्यापक वल्लीयिल गोविंदनकुट्टी यांच्या क्षेत्रीय अभ्यासाचा. बीदरमधील नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी या तीन व्यवस्था त्यांच्या कामामुळे ठळकपणे पुढे आल्या. नौबादची कारेज तीन किलोमीटरहून अधिक लांब असून तिच्यावर २१ विहिरी असल्याचे प्रथम नोंदवले गेले. पुढे स्थानिक तरुणांच्या सहभागाने आणि शासनाच्या साहाय्याने गाळ उपसण्याचे काम झाले, तेव्हा अलियाबादच्या दिशेने आणखी २७ विहिरी उजेडात आल्या. यामुळेच विविध लेखांत व वृत्तांत विहिरींचे आकडे निरनिराळे दिसतात. हा केवळ निष्काळजीपणाचा प्रकार नव्हे. जितके उकरले तितकेच मोजले गेले आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून विद्यार्थ्यांना हे आकडे देताना ते कोणत्या वर्षीचे आणि कोठपर्यंतच्या उत्खननाचे आहेत, हे सांगणे आवश्यक ठरते.

‘इराणी’ हा शब्द पुरेसा आहे काय?

बीदरची कारेज इराणी तंत्रज्ञांनी बांधली, हे विधान जवळजवळ प्रत्येक लेखात आढळते. अहमदशाह वली बहमनी (कारकीर्द १४२२–१४३६) याने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. त्याच्या निमंत्रणावरून शाह नेमतुल्लाह वली यांचे वंशज किरमान प्रांतातून येथे आले, आणि अष्टूरच्या वाटेवरील खलीलुल्लाह यांची चौखंडी त्याची साक्ष देते. किरमान हा कनातींचाच प्रदेश आहे. २०१६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या ११ इराणी कनातींत त्या प्रांतातील कनातींचाही समावेश आहे. त्यामुळे हा धागा मोहक वाटतो.

परंतु समीक्षकाने येथे थोडे थांबले पाहिजे. बीदरचा सर्वांत प्रसिद्ध इराणी म्हणजे महमूद गावान. तो गिलानचा होता. गिलान हा कास्पियन समुद्राकाठचा भरपूर पावसाचा प्रदेश असून तो कनातींसाठी प्रसिद्ध नाही. म्हणजे ‘इराणी’ या एका शब्दात कोरडा किरमान आणि ओला गिलान दोन्ही येतात. कोणी इराणहून आला एवढ्याने त्याला कारेजची विद्या अवगत होती, असे सिद्ध होत नाही. शिवाय इराणातील कनाती प्रामुख्याने डोंगरपायथ्याच्या गाळाच्या थरांत खणलेल्या आहेत, तर बीदरची कारेज पठारावरील जांभ्यात आहे. येथील झरे कोठे फुटतात आणि जांभा कोठे ठिसूळ आहे, हे ज्ञान स्थानिकांखेरीज कोणाकडून मिळाले असेल? इराणात कनात खणणाऱ्यास ‘मुकन्नी’ म्हणतात. बीदरमध्ये प्रत्यक्ष खोदणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न आजवरच्या संशोधनात जवळजवळ विचारलाच गेलेला नाही.

याचा अर्थ परदेशी विद्येचे ऋण नाकारावे असा नव्हे. अबू बक्र अल-करजी या गणितज्ञाने इ. स. १०१७ च्या सुमारास भूमिगत पाणी शोधण्यावर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. समतल साधणे आणि बोगद्याचा उतार राखणे यांचे गणित त्यात आले आहे. ही ज्ञानपरंपरा बीदरपर्यंत पोचली असणे पूर्णतः शक्य आहे. मात्र शक्यता आणि पुरावा यांतील अंतर संशोधनाने राखलेच पाहिजे.

नावांची साक्ष

भाषेच्या अंगाने पाहता एक गोष्ट लक्षात येते. तिन्ही व्यवस्थांची नावे तीन निराळ्या परंपरांतून आली आहेत. नौबाद हे नाव फारसी वळणाचे आहे, शुक्लतीर्थ संस्कृत आहे आणि जमना मोरी लोकभाषेतील आहे. ज्या तंत्राला परके म्हटले जाते, त्याला येथील समाजाने तीर्थाचे नाव दिले, हे पुरेसे बोलके आहे.

‘मोरी’ या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. आजच्या मराठी वा उर्दू भाषकाच्या मनात मोरी म्हणजे सांडपाण्याची जागा. जमना मोरी ही मात्र जुन्या शहरात गल्लोगल्ली पाणी पोचवणारी वाटप-व्यवस्था होती. शब्दाचा अर्थ घसरला, तसा वस्तूचा मानही घसरला. पिण्याच्या पाण्याची वाट ही सांडपाण्याची वाट आहे, असे एकदा मनात बसले की तिच्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही.

‘झिरा’ हा शब्दही असाच. बीदरमधील गुरू नानक झिरा आणि नरसिंह झिरा ही दोन भिन्न धर्मीयांची श्रद्धास्थाने आहेत, आणि दोन्ही ठिकाणी महत्त्व जमिनीतून येणाऱ्या पाण्याला आहे. भूशास्त्राने जांभा आणि काळा पाषाण यांच्या सीमेवर जे झरे दाखवले, ते लोकांनी नावांत आधीच नोंदवून ठेवले होते. तरीही कारेजवरील बहुतेक संशोधन इंग्रजीत आहे आणि त्यात स्थानिक शब्द तिरप्या अक्षरांत छापून सोडून दिलेले असतात. त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही.

राहून गेलेला प्रश्न : पाणी येते कोठून?

उपलब्ध संशोधनाची सर्वांत मोठी उणीव येथे आहे. बोगद्याची लांबी, विहिरींची संख्या व त्यांमधील अंतर यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या माळावर पडलेला पाऊस मुरून कारेजला मिळतो, त्या माळाविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले. शुक्लतीर्थाची मूळ विहीर गोरनळ्ळीच्या जुन्या तलावाच्या बांधालगत आहे. यावरून तलाव, माळ आणि बोगदा ही एकच रचना होती असे दिसते. तलाव बुजला वा माळावर वस्ती झाली, तर बोगदा कितीही स्वच्छ केला तरी त्यात पाणी येणार नाही.

विंधन विहिरींचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. खोल विहिरी आणि पंप आल्यानंतर इराणातील असंख्य कनाती कोरड्या पडल्या, हा अनुभव जगासमोर आहे. कर्नाटकात भूजलाच्या नियमनाचा कायदा २०११ मध्ये झाला. परंतु कारेजच्या मुरणक्षेत्रात विंधन विहिरींवर कोणते बंधन असावे, याची चर्चा वारसा-संवर्धनाच्या लिखाणात अभावानेच आढळते. वास्तूचे अभ्यासक भूजलाकडे आणि भूजलाचे अभ्यासक वास्तूकडे पाहत नाहीत.

वन्यजीवांच्या अभ्यासातही हीच फारकत आहे. बीदरच्या माळरानांवर काळवीट आहेत. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीचे जंगल २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथे लांडगा, तरस यांसारखे प्राणी आहेत आणि चंद्रंपळ्ळीचे धरणही आहे. तेथे प्राणी मोजले जातात, येथे विहिरी मोजल्या जातात. पण ज्या मोकळ्या जमिनीवर काळवीट चरतो आणि पाऊस मुरतो, ती महसुली भाषेत ‘पडीक’ आणि उर्दूत ‘बंजर’ ठरते. पडीक जमीन कोणालाही देता येते. माळाला पाण्याचे उगमस्थान म्हटले असते, तर तो निर्णय इतका सोपा राहिला नसता.

हा प्रश्न किती निकडीचा आहे, हे एप्रिल २०१६ मध्ये दिसले. बीदरला लागून असलेल्या लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. लातूर आणि बीदर ही दोन्ही शहरे मांजरा खोऱ्याशी बांधलेली आहेत. त्याच सुमारास बीदरमध्ये पाच-सहा शतकांपूर्वीच्या बोगद्यातील गाळ उपसला जात होता. नदी कोरडी पडली की माणसे भूजलाकडे वळतात; तेही संपले तर पाणी रेल्वेने येण्याची वाट पाहावी लागते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. यजदानींनी बीदरच्या वास्तू वाचायला शिकवले, रोत्झर व सोहोनी यांनी पाण्याचा मार्ग दाखवला आणि गोविंदनकुट्टी यांनी तो जमिनीवर शोधून दिला. या सर्वांच्या कामाशिवाय पुढचे पाऊल शक्य नव्हते. तथापि मुरणक्षेत्राचा अभ्यास, दीर्घकालीन मोजणी आणि लोकभाषेतील नोंदी या तीन बाबी अपुऱ्या राहिल्या आहेत.

पैकी शेवटच्या दोन बाबींसाठी मोठ्या निधीची वा परदेशी सहकार्याची गरज नाही. सीमाभागातील महाविद्यालयांचे अध्यापक आणि विद्यार्थी दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये ठरावीक विहिरींतील पाण्याची पातळी बोगद्यात न उतरता, वरूनच, दोरी आणि टेप घेऊन नोंदवू शकतात. अशा नोंदी दहा वर्षे सलग झाल्या, तर आज कोणाकडेही नसलेला पुरावा हाती येईल. भाषा विभागांनी वृद्ध शेतकरी, विहिरी खणणारे कारागीर आणि जुन्या मोहल्ल्यांतील स्त्रिया यांच्याकडून पाण्याचे शब्द गोळा करून कन्नड, मराठी व उर्दू असा त्रैभाषिक कोश करावा. भूगोलाचा अध्यापक पातळी मोजेल आणि भाषेचा अध्यापक नावे टिपेल. दोघांच्या वह्या एकत्र ठेवल्या तरच बीदरची कारेज पूर्णपणे वाचता येईल.