मोडीतून वाचलेले रुपे

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९ साली व्हर्सायच्या प्रासादातली चांदीची मेजे, दीपवृक्ष, कुंड्या असे सारे वैभव टांकसाळीत पाठविले. लढाई चालू होती आणि तिजोरीला ओहोटी लागली होती. आपल्याकडे आजीचे तबक मोडीत घालून नातीचे पैंजण करतात, त्यातलाच हा प्रकार. १७०९ साली त्याने पुन्हा तेच केले, १७५९ साली पंधराव्या लुईने केले, आणि त्यातून उरलेले पुष्कळसे राज्यक्रांतीने वितळविले. मोडीत धातूचे मोल मिळते, घडणावळ बुडते, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. फ्रान्सची मात्र शंभर वर्षांची घडणावळ अशी बुडाली. जुन्या फ्रेंच चांदीविषयी बोलायचे तर या भट्टीपासूनच बोलले पाहिजे.

संग्राहकांसाठी लिहिलेली पुस्तके मात्र बहुधा ठशांपासून सुरू होतात. ठशांचे शास्त्र गमतीचे आहे खरे. राज्यक्रांतीपूर्वीच्या पॅरिसच्या भांड्यावर कारागिराचा ठसा, कर आकारल्याचा ठसा, कारागीरसंघाने कस पाहिल्याचा वर्षाक्षराचा ठसा आणि कर भरून सुटका झाल्याचा ठसा असे चार ठसे असतात. १८३८ पासून मिनर्व्हादेवीचे मस्तक आले. त्याच्याजवळ १ हा आकडा असेल तर हजारी ९५० कसाची चांदी, २ असेल तर ८०० ची. पण लबाडाला हे शास्त्र आपल्याहून चांगले येते. लहानशा अस्सल वस्तूवरचा ठशांचा तुकडा कापून मोठ्या नकली भांड्यात बेमालूम सांधतात. तेव्हा नुसते ठसे वाचणारा संग्राहक म्हणजे मुखपृष्ठ पाहून कादंबरीवर अभिप्राय देणारा टीकाकार! भांडे पाहावे, मग उलटे करावे.

आणि पाहायचे कुठे? मोठी कामे वाचली ती बव्हंशी परदेशी गेली म्हणून. १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा राजवाडा कोसळला, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने नवी भांडी फ्रांस्वा-तोमा जेर्मेनकडून घडवून घेतली. तो बिचारा १७६५ साली दिवाळखोर झाला, परंतु त्याची कामे लिस्बनच्या संग्रहालयात नांदत आहेत. मेसोनिएने १७३५ ते १७४० च्या दरम्यान रचलेली सुरव्याची दोन विख्यात भांडी किंग्स्टनच्या इंग्रज ड्यूकसाठी होती. त्यांतले एक आज अमेरिकेत क्लीव्हलँडला आहे. दुसरे १९९८ साली लिलावात एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेले.

ही भांडी मी छायाचित्रांतून पुष्कळदा न्याहाळली. झाकणावर भाज्या, पक्षी, शेवंडीचे गोड्या पाण्यातले भावंड, आणि खाली लाटेसारखा पिळवटलेला शिंपला. कौशल्य अचाट! पण माझे मन तिथे रमत नाही. झाकणाने इतका आरडाओरडा केला की आतला सुरवा गप्प होतो. जेर्मेनच्या भांड्यावरची पाने-फुले मात्र भांड्यातूनच उगवल्यासारखी वाटतात. हात कुठे धरायचा हे ती सांगतात. अलंकार आणि उपयोग यांचे भांडण कवितेत आपण रोज पाहतो, ते इथे रुप्यात पाहायला मिळते.

पुढे १८४२ साली क्रिस्तोफ्लने विजेने मुलामा चढविण्याचे हक्क विकत घेतले आणि तिसऱ्या नेपोलियन बादशहाच्या मेजावरही मुलाम्याची भांडी आली. नाके मुरडली गेलीच असणार. पण १८७१ साली त्युइलरीचा राजवाडा जळाला, तेव्हा त्या मेजावरच्या भव्य मधल्या सजावटीचे भाग राखेतून हाती लागले आणि आज ते पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. मोडीत ज्याचे फारसे काही येत नाही, ते असे टिकते!

मराठी वाचकाला जवळचा धागा इंदूरचा. यशवंतराव होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यात १९३० नंतर जाँ पुइफोर्काची चांदीची भांडी आली. अगदी नितळ, भूमितीसारखी. गंमत अशी की याच जाँचे वडील जुन्या फ्रेंच चांदीचे थोर संग्राहक, आणि त्यांचा संग्रह १९५५ साली निआर्खोस या जहाजमालकाच्या देणगीने लूव्रला मिळाला. ज्याच्या घरात इतकी पाने-फुले, त्याच्या हातून एकही पाकळी निघाली नाही. जुन्याची नक्कल न करणे हाही जुन्याचा अभ्यासच असतो.

सामान्य ऐपतीच्या माणसाने काय घ्यावे, असे विचाराल, तर मी म्हणेन, काठाला दोन साध्या रेघा असलेला चमचा आणि काटा. सुरी त्यात नसते. ती सुरीकारांचा वेगळा धंदा करी. फ्रेंच घरात काटा पालथा मांडतात, म्हणून घराण्याचे चिन्ह पाठीवर कोरलेले सापडते. कधी ते घासून टाकलेले असते, आणि तिथे चांदी बोटाला पातळ लागते. व्यापारी त्यासाठी किंमत उतरवतो. खुशाल उतरवू द्या. चमच्याचे टोक एका बाजूने झिजलेले दिसले तर तेही दोष समजू नका. उजव्या हाताने कुणीतरी वर्षानुवर्षे तो वाटीच्या तळाशी फिरवला आहे.