मौसलपर्वातील पानकलह : निमित्त आणि कारण

यादवांच्या संहारावरून मराठीला ‘यादवी’ हा शब्द मिळाला. भाऊबंदांतील विनाशकारी कलह असा त्याचा रूढ अर्थ आहे. कलह करणारे परस्परांचे आप्त होते, ही गोष्ट या शब्दाने जपली. ते मद्यधुंद होते आणि कलहाचा प्रारंभ एका उपहासाने झाला, ही गोष्ट मात्र शब्दार्थातून गळून गेली. महाभारताच्या सोळाव्या पर्वाचा, म्हणजे मौसलपर्वाचा, विचार करताना ही गळालेली बाजूच अधिक महत्त्वाची ठरते. पानगोष्ठीतील एका बाचाबाचीतून संपूर्ण कुल नष्ट व्हावे, ही घटना महाकवीने कशी उभी केली आहे, हा येथे विचाराचा विषय आहे.

या घटनेची उपपत्ती सामान्यतः शापाच्या आधारे लावली जाते. स्त्रीपर्वात गांधारी श्रीकृष्णाला शाप देते, की छत्तिसाव्या वर्षी त्याच्याही ज्ञातींचा नाश होईल. मौसलपर्वाच्या आरंभी यादवकुमार सांबाला स्त्रीवेष देऊन विश्वामित्र, कण्व व नारद यांची थट्टा करतात आणि कुलनाशक मुसळाचा शाप ओढवून घेतात. तथापि, शापाने केवळ फल निश्चित होते. ते कोणत्या वाटेने येणार, हे शाप सांगत नाही. ती वाट कवीने मनुष्यस्वभावातून काढली आहे. प्रभासक्षेत्रातील घटनांचा क्रम पाहिला असता हे स्पष्ट होते. कृतवर्मा पडतो तो सात्यकीच्या तलवारीने. सात्यकीवर भोज व अंधक तुटून पडतात ते हाताशी असलेली उष्टी भांडी घेऊन. त्याला वाचविण्यास धावलेला प्रद्युम्नही त्याच गर्दीत मारला जातो. एरका गवताचे मुसळ होते ते यानंतर. म्हणजे अद्भुताचा प्रवेश होण्यापूर्वीच तीन प्रमुख पुरुष गतप्राण झालेले आहेत. शाप काढून टाकला, तरी कलहाचा हा पहिला अंक जसाच्या तसा उभा राहतो.

मग या मृत्यूंचे उत्तरदायित्व मद्याकडे जाते काय? कवीने या शक्यतेचाही विचार केलेला दिसतो. मुसळाचे चूर्ण समुद्रात टाकल्यानंतर द्वारकेत दवंडी पिटविली जाते, की वृष्णी व अंधक यांच्या घरी यापुढे कोणीही मद्य तयार करू नये. करील त्याला बांधवांसह जिवंतपणी सुळावर चढविण्यात येईल. ही आज्ञा आहुक, जनार्दन, बलराम व बभ्रू यांच्या नावे दिलेली आहे. पुढे प्रभासला कृष्णाच्या सन्निध पानास बसलेल्यांची नावे येतात, त्यांत बलराम आणि बभ्रू हे दोघेही आहेत. त्यांच्यासमवेत कृतवर्मा, सात्यकी आणि गद आहेत. कवी यावर भाष्य करीत नाही. दोन्ही ठिकाणी नावे मात्र देतो. शिक्षेच्या भयाने घातलेला निर्बंध घालणाऱ्यांनाच बांधू शकला नाही, एवढे त्यावरून दिसते. परंतु त्या दिवशी पिणारे अनेक होते. मद्य सर्वांनी घेतले, तरी वाक्य सुचले ते सात्यकीला, आणि ते झोंबले कृतवर्म्याला. यामागचे कारण मद्यापलीकडे शोधले पाहिजे.

सात्यकी हसून, अवहेलना करून म्हणतो, की झोपलेल्यांना मारणारा क्षत्रिय तो कसला. कृतवर्मा डावा हात दाखवून प्रत्युत्तर देतो, की हात तुटलेल्या, प्रायोपवेशनास बसलेल्या भूरिश्रव्याला तू कसे मारलेस. वरवर पाहता हे मद्यप्यांचे वाग्युद्ध होय. परंतु दोन्ही आरोप खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सौप्तिकपर्वात निद्रिस्तांचा वध प्रत्यक्ष केला तो अश्वत्थाम्याने; कृतवर्मा कृपासह शिबिराच्या दारी उभा राहून पळणाऱ्यांना मारीत होता. द्रोणपर्वात भूरिश्रवा सात्यकीचा शिरच्छेद करण्यास सिद्ध झाला असता अर्जुनाने त्याचा हात तोडला, ही गोष्ट कृतवर्मा वगळतो. प्रत्येकजण दुसऱ्याचे पाप पुरते सांगतो आणि त्याची पार्श्वभूमी तेवढी गाळतो. भारतीय युद्धातून वाचलेले हे दोन यादव छत्तीस वर्षे एका नगरीत राहिले. त्या पापांचा निवाडा मात्र कोणी केला नाही. मद्याने वैर निर्माण केले नाही. न बोललेले बोलण्याची मोकळीक तेवढी दिली.

निवाडा करू शकणारा एकच पुरुष तेथे उपस्थित होता. परंतु श्रीकृष्णही तटस्थ नाही. भूरिश्रव्याचा हात तुटला तो त्याच्याच सूचनेने. त्यामुळे कृतवर्म्याच्या शब्दांवर तो क्रोधाने तिरपी दृष्टी टाकतो. सात्यकी ही संधी साधून स्यमंतक मण्याची व सत्राजिताची जुनी कथा उकरून काढतो, आणि सत्राजिताची कन्या सत्यभामा रडत कृष्णाजवळ येते. युद्धभूमीवरील आरोप अशा रीतीने गृहात शिरतो. पुढे कृष्ण सात्यकीला आवरण्यास धावतो, नंतर काळाचा फेरा ओळखून स्तब्ध राहतो, आणि पुत्र व सात्यकी पडलेले पाहून स्वतः एरकेची मूठ उपटतो. पक्षपाती, निवारक, साक्षी आणि अखेरीस संहारक, अशा चार भूमिका तो एकाच प्रसंगात पार करतो.

महाभारतातील या योजनेचे वैशिष्ट्य पुराणांशी तुलना केली असता अधिक उठून दिसते. विष्णुपुराणाच्या काही पाठांत कलहाचे कारण विचारले असता उत्तर येते, की माझे अन्न रुचकर, तुझे नव्हे, अशा बोलण्यातून भांडण पेटले. येथे निमित्त अगदीच क्षुल्लक आहे, आणि त्या क्षुल्लकतेतच दैवाचे सामर्थ्य सूचित होते. भागवताच्या एकादश स्कंधात तर संवादच नाही. मैरेय प्यालेले यादव भगवंताच्या मायेने मोहित होऊन लढू लागतात. नाथांनी इसवी सन १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण केलेले एकनाथी भागवत याच स्कंधावरील टीका आहे. त्यामुळे मराठी श्रोत्याच्या परिचयाचे झाले ते प्रामुख्याने हे लीलारूप. भक्तिग्रंथाच्या प्रयोजनास ते अनुरूपच आहे. परंतु त्यात सात्यकी आणि कृतवर्मा यांची जबानी हरवते, आणि तिच्याबरोबर युद्धाचा अनुत्तरित हिशेबही हरवतो.

मौसलपर्वात निमित्त क्षुल्लक आहे, कारण क्षुल्लक नाही. पिता पुत्राला आणि पुत्र पित्याला मारू लागतो, तोपर्यंत मूळ आरोप कोणाच्याही ध्यानात उरलेला नसतो. मरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्याच्याशी संबंधही नसतो. युद्धातील अधर्म विजयाने धुतला जात नाही आणि काळानेही विरत नाही, हे सांगण्यासाठी कवीने रणभूमी निवडली नाही. उत्सव, आप्तजन आणि मद्यपात्रे निवडली. या दृष्टीने मौसलपर्व हे शापकथेचे परिशिष्ट नसून युद्धपर्वांचा उपसंहार ठरते, आणि त्याचे वाचन द्रोण व सौप्तिक या पर्वांबरोबरच झाले पाहिजे.